तात्यांचा वॉर्ड

नळी तिच्या तोंडात हुती. सलाईनची ती बारकी नळी, लिंबाच्या बुडातनं उपसून काढलेली, आन माझी चिऊ मातीत फतकल मारून बसलीया आन चोखतीया. मी आधी हसले. खरं सांगते, हसले. दीड वर्साचं लेकरू, दिसंल ते तोंडात घालतंय, म्हनलं झाडाचं पानीच हाय. मंग वास आला. रॉकेलासारखा, पर रॉकेल न्हवं. पोरीच्या तोंडातनं लाळ गळाया लागली ती थांबंचना, फ्रॉक पुढनं सगळा भिजला, आन डोळ्यातली बाहुली बारीक झाली, मोहरीयेवढी. मी वरडले का न्हाय मला ठावं न्हाय. शेजारच्या काकू म्हनत्यात मी नुसती उभी हुते, तोंड उघडं आन आवाज न्हाय.

तात्या गल्लीच्या त्या टोकाला झाडाला काठी बांधत हुते. तितनं त्यांनी बघितलं आन पळत आले. सत्तरीचा मानूस, एक चप्पल रस्त्यातच ऱ्हायली.

"बोट घालू नको तोंडात! उलटी काढू नको! फडकं वलं कर, तोंड पूस. आन बाटली सोडव ती झाडाची. आगं बाटली घे, डाक्टरला दाखवायची हाय!"

काकूंच्या मालकानं टेम्पो काढला. तात्यांनी पोरीला कुशीवर धरली सगळ्या वाटंनं, पाठीवर धरू दिली न्हाय मला. दवाखान्यात डाक्टरनं इचारलं, काय प्यायली? मी म्हनलं, पानी. तात्या पुढं झाले. "पानी न्हाय सायेब. वाळवीचं औषध. पातळ केलेलं हाय, एक झाकन पाच लिटरला. बाटली निम्मी हुती. दोन-तीन घोट गेलं आसंल. चवदा मिनिटं झाली." आन औषधाचं इंग्रजी नाव सांगितलं, अक्षरं सोडवून. डाक्टरनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आन नर्सला इंजेक्शन सांगितलं, दुसरं काय इचारायची गरजच पडली न्हाय.

पोरगी वाचली. तीन दिसांनी घरी आनली. हे आधीच सांगून टाकते, म्हंजी तुमचा जीव टांगनीला नको. माझा आजून हाय, पर तो दुसऱ्या गोष्टीसाठी.

तात्या आमचे नात्यातले न्हवत. बारामतीतल्या एका खाजगी दवाखान्यात वॉर्डबॉय हुते, जल्म सगळा तितं गेला. बायकू वारली, पोरगा इंदापुरात. रिटायर झाल्यावर आमच्या कॉलनीत दोन खोल्या बांधून एकटं ऱ्हायले. कॉलनी म्हंजी एमायडीसीच्या मागं, मुरमाचं रान. पांढरी कापडं वाळत घातली की सांजच्याला भगवी. आमची खोली पत्र्याची. एप्रिलात दुपारी पोरीला वल्या साडीत गुंडाळून मी मोरीत बसायची, तितंच काय ते गार. झाडं लावायचे कार्यक्रम झालेते, न्हाय असं न्हाय. दर साली व्हायचे, नारळ, हार, फोटू. तात्या म्हनायचे, "ह्यांची नुसती बाळंतपनं. पाचवीला कोन येत न्हाय."

मंग त्यांनी ते आपल्या हातात घेतलं. चाळीस घरं, चाळीस खड्डे, घराम्होरं एक झाड. पर ते झाड म्हनत न्हवत. पेशंट म्हनायचे. आन झाडांना नंबर, बेड नंबर. आमच्या म्होरला लिंब बेड नंबर सोळा. प्रत्येकाला बांबूची काठी, काठीला उलटी टांगलेली सलाईनची बाटली, नळी बुडात मातीत खोचलेली, थेंब थेंब पानी. बाटल्या दवाखान्यातनं आनायचे, तीन येळा उकळत्या पान्यानं धुवायचे. आन प्रत्येक झाडाला एक पुठ्ठा, वर प्लास्टिकची पिशवी. त्याच्यावर चार्ट. कितीला पानी, किती पानं नवी, काय तक्रार. एकदा म्या वाचलं, सात नंबरच्या पुठ्ठ्यावर लिव्हलेलं, 'पेशंट सुकलेला. घरातली बाई म्हायेरी. मालकाला बादली उचलत न्हाय.' त्या मालकानं वाचलं आन दुसऱ्या दिशी दोन बादल्या घातल्या.

सकाळी साडेपाचला राऊंड. बनेल, खाकी चड्डी, हाताला घड्याळ. वाकून बोट मातीत घालायचे दुसऱ्या पेरापतूर, आन घड्याळात बघत ऱ्हायचे. मिनिटभर. कशापायी बघायचे ते कुनालाच ठावं न्हाय, मातीला काय नाडी हाय का. पर बघायचे. आन मंग हाळी, "सोळा नंबरची आई कुठाय?"

पहिल्यांदा मी घाबरून चिऊलाच उचलून आनली.

"ही न्हवं गं. ही दूध पितीया. ही बघ, हिला रात्रीपास्नं थेंब न्हाय."

आमचे हे म्हनायचे, बायकू माझी आन आई झाडाची, बरंय.

मला सगळ्याचंच भ्या वाटायचं तवा. कुत्र्याचं, फोनचं, दार वाजलं तर दाराचं. वरकुट्याची पोरगी मी, लगीन करून निमगाव केतकीला दिली, तितनं हे कंपनीत लागले म्हनून बारामतीला. कुनाशी बोलायची सवं न्हाय. तात्यांनी एक दिस इचारलं, "शाळा कितवी?" मी म्हनलं, आठवीत सोडली. ते म्हनले, "म्हंजी सातवी पास. बास झालं. आमच्या डाक्टरचं अक्षर त्येला बी वाचता येत न्हवतं," आन मार्करचा पेन हातात दिला. तवापास्नं चाळीस पुठ्ठे मी लिव्हायची. लगीन झाल्यापास्नं पेन धरला न्हवता. पहिल्या दिशी 'पानी' दोनदा खोडून लिव्हलं.

रविवारी ओपीडी. मोकळ्या प्लॉटात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे, लोक पिशवीत पानं घेऊन यायचे. तात्या पान उताणं करून बघायचे, जीभ बघितल्यागत. एकदा काकूंनी सोताचा गुडघा म्होरं केला, म्हनल्या तात्या ह्येचं बी बघा. तात्या म्हनले, "तू चालत आलीस ना हितवर? ती आली का? आधी तिचं."

झाड मेलं की सुतक. गल्लीतल्या एका ठेकेदारानं गाडी लावताना तेवीस नंबरचा करंज मोडला. तात्या त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. बोलले न्हाईत, रागावले न्हाईत, दहा मिनिटं बसले. त्याच्या बायकूनं चहा आनला. "न्हाय घेनार. तुमच्यात सुतक हाय. तेरा दिस." ठेकेदार हसला, म्हनला, मंग डोकं बी भादरू का तात्या? तात्या त्याच्या टकलाकडं बघून म्हनले, "ऱ्हाऊ द्या. हाय तेवढं तरी जगवा." सगळी गल्ली हसली. चवदाव्या दिशी तात्या नवं रोप घेऊन हजर. तवा दोन कप चहा प्यायले, लागोपाठ, म्हनले मागचा बी ऱ्हायलाय.

तिसरा उन्हाळा झाडानं काढला की डिस्चार्ज. बाटली काढायची, काठी काढायची, पुठ्ठा फाडायचा, आन मंग तात्या त्या झाडाकडं मान वळवून बघायचे न्हाईत. काकूंनी कारन इचारलं तर म्हनले, "बऱ्या झालेल्याच्या मागं फिरू ने. त्येला वाटतं आपन आजून आजारी हाय." पाच-सहा झाडं अशी डिस्चार्ज झाली. नऊ नंबरच्या शिरसाखाली भाजीवाला गाडा थांबवाया लागला. दुपारच्याला बायका तितं लेकरं घेऊन बसायच्या, मी बी. मोरीत बसायचं सुटलं माझं.

असा मानूस. येडपट म्हना, काय बी म्हना.

आता चिंधीचं सांगते. ही गोष्ट म्या कुनालाच सांगितलेली न्हाय, आमच्या ह्यांना बी न्हाय.

त्या उन्हाळ्यात वाळवी लागली. चार झाडं आतनं पोखरली. तात्यांनी ठरवलं, लागलेल्या झाडाला पान्याच्या बाटलीतनं औषध सोडायचं, दोन दिस, आन ज्या झाडाला औषध आसंल त्येला लाल चिंधी बांधायची. लाल चिंधी दिसली की लेकरं, शेरडं, कोंबड्या घरात. चिंधी ते काढतील तवाच सुटका. हे रविवारी ओपीडीत सगळ्यांना सांगितलं त्यांनी. सगळ्यांना ठावं झालं. मी त्या रविवारी वरकुट्याला हुते, भावाच्या पोरीच्या बारशाला. सोमवारी आले. ह्यांना आठवलं न्हाय मला सांगायचं, त्यांची पाळी रातची हुती.

चिऊला त्या आठवड्यात ताप येत हुता. येतुया, उतरतुया, परत येतुया. औषध चालू हुतं. आन अमुशा हुती. सकाळी दार उघडलं आन बघते तर आमच्या लिंबाला लाल चिंधी. बरोबर दाराम्होरं. दोन गाठी मारलेली.

मला काय वाटलं सांगू? आमच्याकडं असं दाराम्होरं लाल फडकं, गाठी मारून, अमुशाला, म्हंजी कुनीतरी केलंय. आईनं लहानपनी दाखवलेलं, असं दिसलं तर हात लावायचा न्हाय, वलांडायचं न्हाय, बोलायचं बी न्हाय कुनाला. तापाचं कारन मिळालं मला. म्या चुलीवरचा चिमटा आनला, चिमट्यानं गाठी सोडवल्या, पंधरा मिनिटं लागली, हात लावला न्हाय. आन तसंच चिमट्यात धरून नाल्यात टाकून आले. मागं वळून बघितलं न्हाय. चिमटा मिठाच्या पान्यानं धुतला. पोरीची दृष्ट काढली.

आन लई बरं वाटलं. अंगनात लख्ख ऊन, झाड मोकळं. पोरीला म्हनलं, जा, खेळ.

पुढचं तुमाला ठावं हाय.

चिंधीचा अर्थ मला दवाखान्यात कळला. रातपाळी सुटून कंपनीतनं हे आले, तात्यांची कॉलर धरली. तात्यांनी धरू दिली. म्हनले, "चूक माझी हाय. औषध भरलं की मी लाल चिंधी बांधतो, लेकरास्नी जवळ येऊ ने म्हनून. ह्या खेपंला झाडाला न्हवती, म्हंजी बांधायची ऱ्हायली." मी बाकड्यावर बसलेले. ऐकलं. लाल चिंधी. तोंड उघडलं म्या, आन तेवढ्यात दारातनं सासूबाई आल्या, निमगावनं, पिशवी घेऊन.

"कुठाय माझी नात? आन ही काय करत हुती? दीड वर्साचं एक लेकरू संभाळता येत न्हाय हिला? मी घिऊन जाते तिला. ऱ्हाऊ दे हिला हितं झाडास्नी पानी घालत."

हे म्हनले, "आई, हिची चूक न्हाय. म्हातारा इसरला."

तोंड मिटलं म्या.

घरी आल्यावर ह्यांनी एकदाच बोलून दाखवलं, शांतपनी, जेवता जेवता. "तुझी चूक आसती ना, तर आईजवळ ठिवली आसती पोरीला. शाळंला जाईपतूर. म्या बी न्हाय म्हनलं नसतं." आन भाजी मागितली. मारत बिरत न्हाईत ते. चांगले हाईत. पर बोलले ते करत्यात.

कॉलनीची बैठक झाली. काकू म्हनल्या, "मी सोता बघितलं. चिंधी न्हवती झाडाला. आसती तर म्या पोरीला उचललं नसतं का?" खोटं न्हवत्या बोलत. त्यांनी बघितलं तवा न्हवतीच. सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्या खाली बघून म्हनले, "व्हय. न्हवती." ठेकेदार तेवढं म्हनला, तात्या वय झालं आता, आराम करा. मायेनं म्हनला.

तितनं तात्यांचं बिघडलं. तात्यांनी औषध बंद केलं ते केलंच, पर राऊंडला निघाले की माघारी यायचे, कुलूप लावलं का बघायला. परत निघायचे, परत माघारी. नळ बंद केला का. तळहातावर पेनानं लिव्हायचे. माझ्याकडं यायचे, "पोरी, बारा नंबरला पानी दिलं का गं म्या?" आता अर्ध्या तासाखाली दिलेलं आसायचं, पुठ्ठ्यावर माझ्या हातानं लिव्हलेलं आसायचं. मी म्हनायची, दिलं तात्या. "नक्की?" नक्की. "न्हाय, मला बी वाटत हुतं दिलं. पर मला तर चिंधी बी बांधली वाटत हुती." असं म्हनायचे आन हसायचे जरा. ते हसनं मला नको वाटायचं.

पोरगा आला इंदापुरावनं. त्यानं चार दिस बघितलं, कुलपाचं, तळहाताचं. डाक्टरकडं नेलं. डाक्टर म्हनला, इसरायचा आजार सुरू झाला. आन पोरगा इंदापूरला घिऊन गेला त्यांना. आमी सगळे गाडीपतूर गेलो. तात्यांनी मला पुठ्ठ्यांची पिशवी दिली, म्हनले सोळा नंबरला औंदाचा उन्हाळा तिसरा हाय.

आता चाळीसातली अकरा मेली. वाळवीनं काय, पान्यावाचून काय. मी पाच-सहा घरांम्होरं बादली नेते, चिऊला कडंवर घिऊन. सगळ्यांचं हुत न्हाय.

मागल्या म्हैन्यात मी इंदापूरला गेले. ह्यांना सांगितलं, वरकुट्याला जाते. यष्टी निमगावात थांबली तवा पदर पार नाकापतूर वढला, बाजाराचा दिस, सासरचं कुनी चढंल म्हनून. घर सापडलं. गेटला आतनं कुलूप. सुनंनं उघडलं, चांगली हाय बोलायला. "एकटं सोडत न्हाय त्यास्नी भायेर. जातील कुठंतरी आन घर इसरतील, डाक्टरनं सांगितलंय." चहा ठिवायला आत गेली आन तितनंच म्हनली, "आवो, माझं म्हायेर निमगावच की! तुमच्या सासूबाई भेटत्यात मला बाजारात. सांगते हां तुमी आलावता म्हनून."

तात्या ओट्यावर खुर्चीत बसलेले. इस्त्रीचा सदरा. नखं साफ, माती न्हाय. चिऊला जवळ घेतलं, डोळ्याची खालची पापनी वढून बघितली, "बाहुली झ्याक हाय." मंग एकेक नंबर इचारला त्यांनी. सातचं काय, बाराचं काय, तेवीसच्या करंजाला फुटवा आला का. एक नंबर चुकला न्हाय. कोनत्या झाडाला कितवा उन्हाळा ते सगळं तोंडपाठ. मी म्हनलं, मेलं तात्या, हे बी मेलं, ते बी. ते मान हलवत ऱ्हायले. एकोनतीस जगली म्हनलं, तर म्हनले वॉर्डात येवढं बी जगत न्हाईत.

मंग आवाज बारीक केला.

"पोरी, एक इचारू? मला ती चिंधी दिसती गं. त्या सकाळची. मी उकिडवा बसलोय, डाव्या हातात बाटली हाय, आन गाठ मारतोय. एक मारली, म्हनलं वाऱ्यानं सुटंल, दुसरी मारली. दोन गाठी. डोळं मिटलं की दिसती. पर काकू म्हनली न्हवती, आन ती बाई खोटं बोलनाऱ्यातली न्हाय. मंग मला दिसतंय ते काय हाय? डाक्टर म्हनला, असंच आसतंय, मेंदू आपल्याच मनानं चित्र काढतो. आसंल. शिकलेला मानूस हाय. पर मग मला बाकीचं जे आठवतंय, माझी बायकू, दवाखाना, ते बी चित्रच म्हनायचं का?" चिऊला मांडीवर नीट बसवली. "तू दाराम्होरंच आसायचीस. तुला दिसली हुती का? घाई न्हाय. आठवून सांग."

चिऊ त्यांच्या मांडीवर, सदऱ्याची गुंडी वढतीया. सून चहाचा ट्रे घिऊन दारात उभी, ऐकतीया. तात्या माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायले. मला दोन गाठी दिसत हुत्या, चिमटा दिसत हुता. एक शब्द हुता नुसता. व्हय.

मी म्हनलं, "आठवत न्हाय, तात्या."

मंग माझ्याच डोक्यावर हात ठिवला त्यांनी. म्हनले, "तुला बी आठवत न्हाय? आगं, तुझं तर आजून वय बी न्हाय. जाऊ दे. भ्यायलीस तवा, त्यानं हुतंय असं."

चहा पिला. निघाले. सुनंनं गेट उघडलं, आमी भायेर आलो, तिनं आतनं परत कुलूप घातलं. तात्या ओट्यावरनं चिऊला टाटा करत हुते.

खरं बोलले आसते तर तो मानूस दुसऱ्या दिशी सकाळी साडेपाचला त्या गेटाच्या भायेर आसता. आन ही माझी पोरगी, आता हितं पदराखाली निजलीया ही, निमगावात आसती. मला दुसरं काय सुचलं न्हाय, आजून सुचत न्हाय. तुमी शिकली-सवरलेली मानसं. त्या ओट्यावर तुमी आसता, लेकरू तुमचं आसतं, तर तुमी काय केलं आसतं?